नवजात व बाल अतिदक्षता : किकवी परिसर

(भोर-वेल्हे, जि. पुणे). जन्मापासून 28 दिवसांपर्यंतच्या आजारी किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळावर, तसेच त्यापुढच्या वयातल्या गंभीर आजारी मुलांवर अहोरात्र देखरेखीखाली केले जाणारे उपचार. पहिल्या गटासाठी एनआयसीयू, तर दुसऱ्यासाठी पीआयसीयू असतो. ‘बाळाला पेटीत ठेवलंय’ एवढे म्हटले की गावात बाकीचे समजते.

किकवी हे गाव पुणे-सातारा महामार्गावर, कापूरहोळ व सारोळा यांच्या दरम्यान आहे. रस्त्याचा विचार केला तर ते सुदैवी म्हणायचे. गाडी मिळाली की पुण्याची वाट सरळ. नीरा-देवघर धरणामागचे हिर्डोशी खोरे किंवा वेल्ह्यातली घाटमाथ्याची गावे यांचे तसे नाही. तिथे पावसाळ्यात आधी मोठ्या रस्त्यावर पोहोचायचे, मग पुढचे. त्यामुळे परिसर तोच असला तरी बाळाचे दैव गावागणिक बदलते.

सरकारी रचना तीन पायऱ्यांची आहे. प्रसूती होते त्या प्रत्येक केंद्रात उष्णता देणारा वॉर्मर आणि अँबू बॅग असलेला नवजात कोपरा हवा. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास देण्याचे काम तिथेच व्हायचे असते. त्यावर स्थिरीकरण कक्ष आणि त्याच्याही वर विशेष नवजात काळजी कक्ष (एसएनसीयू). 1800 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे वा 34 आठवड्यांआधी जन्मलेले बाळ या वरच्या कक्षात हलवावे, असा दंडक आहे. पुण्यात ससून आणि रास्ता पेठेतले केईएम ही या कामाची जुनी ठिकाणे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे (2011) सरकारी दवाखान्यात आजारी नवजाताचे उपचार आणि ने-आण मोफत आहे. गाडीसाठी 102 व 108 हे क्रमांक आहेत.

अशा बाळाची पहिली गरज ऊब. शरीराचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस राहिले पाहिजे. बाळ गार पडले की साखर उतरते, श्वास मंदावतो आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत निम्मी लढाई हरलेली असते. म्हणून न्यायचे ते आईच्या उघड्या छातीशी, टोपडे-मोजे घालून, वरून पांघरूण घेऊन. कोलंबियातील बोगोटा येथे 1970 च्या दशकाअखेरीस इन्क्युबेटर अपुरे पडले म्हणून सुरू झालेली ही कांगारू पद्धत आज जागतिक आरोग्य संघटनाही जन्मानंतर लगेच वापरायला सांगते. श्वासासाठी दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र व फुफ्फुसे उघडी ठेवणारे सरफॅक्टंट, जंतुसंसर्गासाठी प्रतिजैविके, ओढता येत नसेल तर नळीने आईचे दूध. आईला दूध नसल्यास दुग्धपेढीचे दूध देतात. आशियातली पहिली दुग्धपेढी 1989 मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी उभारली. व्हेंटिलेटरचा दबदबा मोठा, पण बहुतेक बाळांचा जीव त्याआधीच्या साध्या गोष्टींवर तरतो.

धोका घरीच ओळखण्याचे शास्त्र महाराष्ट्राने घडवले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना नवजाताचे आजार ओळखायला व उपचार करायला शिकवले. 1999 च्या ‘लॅन्सेट’मधील त्यांच्या अहवालानुसार नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. आशाताईंच्या गृहभेटी याच कामातून आल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा भेटी. ताई अंगडे वर करून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजते आणि धोक्याच्या खुणा पाहते : 60 वा अधिक श्वास, खाली ओढली जाणारी छाती, थंड तळपाय, थांबलेले पिणे. यातले काहीही दिसले की बाळ हलवायचे, पाचवीचे पूजन होईपर्यंत थांबायचे नाही. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. जन्मतःच आंघोळ, मध चाटवणे आणि कोंडलेल्या खोलीतली धुरी मात्र अजून सुटलेली नाही.

थोड्या मोठ्या मुलांत न्यूमोनिया, जुलाबाने आलेला शोष आणि विंचूदंश ही अतिदक्षतेची कारणे. लाल विंचवाचे विष लहान मुलांच्या हृदयाला लवकर भोवते. वरंधा घाटापलीकडे महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात त्यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरून दाखवली, तेव्हापासून हा दंश पूर्वीइतका जीवघेणा उरला नाही.

कक्ष नुसता असून भागत नाही, तो सुरक्षितही हवा. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूला आग लागून दहा बाळे दगावली.

घरी सोडल्यानंतरचा पाठपुरावा हा या उपचाराचा सर्वांत दुबळा दुवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी साधारण चौथ्या आठवड्यात करायची असते. नेमके तेव्हा कुटुंब गावी परतलेले असते. केईएमच्या नवजात कक्षातून 1987 ते 1989 दरम्यान घरी सोडलेल्या, जन्मतः दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांचा डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे मागोवा घेतला. बाराव्या वर्षी त्यांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत, पण पुरेशा वजनाच्या मुलांपेक्षा कमी भरली. वाचनात आणि गणितात अडचणी अधिक आढळल्या.