किल्ली, कसब आणि काळ : प्लॅटफॉर्म खेळांतील बंद दार

कथेतील अडथळ्याचा विचार साहित्यशास्त्राला नवा नाही. व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली लोककथेच्या रूपरचनेची मांडणी करताना निषेध आणि त्याचे उल्लंघन यांना कथेच्या आरंभीची कार्ये मानले. व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी विलंबनाकडे कथानकरचनेचे एक तत्त्व म्हणून पाहिले. मात्र या दोहोंच्या विवेचनातील बंद दार नायकापुरते बंद असते. वाचक पाने उलटून दारापलीकडे केव्हाही जाऊ शकतो. व्हिडिओ खेळात ही मुभा उरत नाही. तेथे दार नायकाला अडवते तसेच ग्राहकालाही अडवते. धावणे, चढणे आणि उडी मारणे यांवर उभ्या असलेल्या प्लॅटफॉर्म खेळांतील दाराचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

या इतिहासाचा आरंभ शब्दापाशी होतो. विल क्राउदर यांनी रचलेल्या आणि डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये वाढविलेल्या 'कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर' या निव्वळ मजकुराच्या खेळात गुहेच्या तोंडावरील जाळी उघडण्यासाठी आज्ञा टंकित करावी लागे. त्यावरून प्रेरणा घेऊन वॉरन रॉबिनेट यांनी 'अटारी २६००'साठी 'अ‍ॅडव्हेंचर' (१९८०) रचला, तेव्हा आज्ञेची जागा दृश्य वस्तूने घेतली : ज्या रंगाचा किल्ला, त्या रंगाची किल्ली. एका वेळी एकच वस्तू बाळगता येत असल्याने किल्ली उचलणे म्हणजे तलवार खाली ठेवणे होते. १९८४ च्या 'माँटेझुमाज रिव्हेंज'मध्ये रंगीत किल्ल्यांची ही व्यवस्था शिड्या, दोर आणि उड्यांच्या खेळात रुजली.

पुढचे वळण १९८६ च्या 'मेट्रॉइड'मध्ये दिसते. एक वर्ष आधीच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये नायकाला मागे सोडलेल्या पडद्याकडे परतता येत नसे. 'मेट्रॉइड'मध्ये परतणे हाच नियम झाला. लाल दार क्षेपणास्त्रांनीच उघडते; बुटक्या बोगद्यातून जाण्यासाठी चेंडूसारखे गुंडाळण्याची शक्ती आधी मिळवावी लागते. येथे किल्ली नायिकेच्या देहात सामावते. पूर्वी अडलेल्या जागी ती पुन्हा येते, तेव्हा जागा तीच असते, पण तिचा अर्थ पालटलेला असतो.

जॉर्डन मेकनर यांच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ने (१९८९) दाराला काळाशी जोडले. जमिनीतील विशिष्ट फरशीवर भार पडला की लोखंडी जाळी वर सरकते आणि पुन्हा हळूहळू खाली येऊ लागते. मेकनर यांनी आपल्या भावाच्या चित्रित हालचालींवरून नायकाची गती घडविली असल्याने हा भार खऱ्या देहाचा वाटतो. संपूर्ण खेळाला साठ मिनिटांची मर्यादा आहे. मृत्यूनंतर टप्पा पुन्हा सुरू होतो, गेलेला वेळ मात्र परत मिळत नाही. बाख्तिन यांनी उंबरठ्याला संकटाचा आणि निर्णायक वळणाचा कालावकाश म्हटले आहे. येथे तो उंबरठा अक्षरशः मिटत जाणारा आहे.

बंदिवासातील राजकन्या म्हणजे केवळ बक्षीस, असा आक्षेप या खेळावर सहज घेता येतो आणि कथेच्या चौकटीपुरता तो खराही आहे. परंतु आठव्या टप्प्यात नायक बंद जाळीमागे अडकतो, तेव्हा त्याचे कोणतेही कसब कामी येत नाही. राजकन्येने धाडलेला उंदीर फरशीवर चढतो आणि जाळी उघडते. जिच्यासाठी सारी दारे उघडायची, तीच येथे दार उघडते; नायकाच्या वाट्याला फक्त थांबणे येते. हा अर्थ कथासारांशातून हाती लागत नाही, दाराच्या यंत्रणेतूनच लागतो.

तेव्हा या खेळांची समीक्षा कथानकाच्या गोषवाऱ्यावर विसंबून चालणार नाही. जाळीपाशी अडलेल्या आणि शेवट कधीच न पाहिलेल्या खेळाडूचा अनुभव हा अपुरा राहिलेला पाठ नसून या संहितेने संभवनीय ठेवलेला एक पाठच आहे. कादंबरी अर्धवट सोडणे हा वाचकाचा निर्णय असतो. येथे संहिताही तो निर्णय घेऊ शकते. ग्राहकाला नाकारण्याची ही सत्ता ध्यानात घेतल्याशिवाय विलंबनाची जुनी संकल्पना या नव्या प्रकाराला पुरी पडणार नाही.