पोरगं कुणाचं, कागद कुणाचा

जुलै 2020 मध्ये बर्मिंगहॅम सिटीनं 22 नंबरची जर्सी निवृत्त केली तेव्हा अख्खं इंग्लंड हसलं. ज्याच्या सन्मानासाठी केली तो ज्यूड बेलिंगहॅम जेमतेम सतरा वर्षांचा. क्लबच्या पहिल्या संघाकडून खेळला एकच सीझन : 44 सामने, 4 गोल. आणि त्या सीझनला आमचा संघ चॅम्पियनशिपमधून खाली घसरता घसरता वाचलेला, विसावा. टाळेबंदीनंतर आमची फाउंड्री नुकतीच पुन्हा सुरू झाली होती, चहा दोन-दोन मीटरवर उभं राहून प्यावा लागायचा. एवढ्या अंतरावरूनही ॲस्टन व्हिलावाले आणि हँड्सवर्थचे वेस्ट ब्रॉमवाले पंजाबी सहकारी आम्हा बर्मिंगहॅम सिटीच्या म्हणजे ब्लूजवाल्यांना विचारायचे, पुतळा कधी बसवताय?

मी हसलो नाही. मी मूळचा कोल्हापूरचा. पोरगं एका पेठेत वाढलं आणि दुसऱ्या पेठेच्या तालमीकडून शाहू स्टेडियमवर उतरलं, तर घरच्यांनाही महिनाभर टोमणे ऐकावे लागतात, हे बघत मोठा झालेला. आमच्याकडं सीझनआधी केएसएकडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) नोंदणी होते आणि त्या नोंदणीच्या दिवसांत कोण कुणाच्या घरी जेवायला गेला यावर अख्ख्या पेठेचं लक्ष असतं. या नोंदणीच्या कागदाचं मूळ शोधत गेलो तर ते इथंच, बर्मिंगहॅमच्या आसपास निघालं. हे शहर सव्वाशे वर्षं खेळाडू विकतंय आणि विकत घेतंय. विकलेल्या मालाचे आभार मानायची रीत या धंद्यात नाही. त्या जर्सीकडं मी अशा आभारासारखं बघतो.

सुरुवात कापडाच्या दुकानापासून करावी लागते. विल्यम मॅकग्रेगर हा स्कॉटिश माणूस ॲस्टन भागात कापडाचं दुकान चालवायचा आणि ॲस्टन व्हिलाच्या कारभारात होता. 1885 साली खेळाडूंना उघडपणे पगार द्यायला परवानगी मिळाली. पगार दर आठवड्याला द्यायचा, पण सामने मात्र बेभरवशाचे. समोरचा संघ ऐनवेळी कळवायचा की आम्ही येत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला हे परवडणार कसं? 2 मार्च 1888 ला मॅकग्रेगरनं पाच क्लबांना पत्र टाकलं की आपण दहा-बारा जण मिळून वर्षाचे सामने आधीच ठरवून घेऊ. एप्रिलमध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली, सहा लँकेशायरचे, सहा मिडलँड्सचे. आमचा क्लब तेव्हा स्मॉल हीथ या नावानं खेळायचा आणि त्या बारांत नव्हता. (1892-93 ला दुसऱ्या डिव्हिजनचं पहिलंवहिलं विजेतेपद आम्ही घेतलं आणि तरी वर जाता आलं नाही, कारण बढतीचा सामना हरलो. ब्लूजचा स्वभाव तेव्हापासूनचा.)

सामन्यांचं वेळापत्रक पक्कं झालं, खेळाडू मात्र पक्के नव्हते. ज्याची थैली जड त्याच्याकडं ते जायचे. म्हणून लीगनं नोंदणीचा नियम आणला आणि 1893 पासून त्याला खरे दात आले. खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात. करार एका सीझनचा. पण करार संपला तरी नोंदणी क्लबकडंच राहायची. क्लबनं मनात आणलं तर पुढच्या वर्षी त्याला खेळवायचं नाही, पगारही द्यायचा नाही, आणि दुसऱ्या लीग क्लबाकडं जाऊही द्यायचं नाही. आपल्याकडच्या सालगड्याला निदान पाडव्याला धनी बदलता यायचा. या माणसाचं साल संपायचं, धनी संपायचा नाही. नोंदणी सोडायची तर समोरच्या क्लबनं पैसे मोजायचे, आणि ते पैसे खेळाडूला नाही, जुन्या क्लबाला. ट्रान्सफर फी म्हणतात ती हीच. आपण अजूनही ‘अमक्याला इतक्या कोटीला घेतला’ म्हणतो, पण विकला जातो तो कागद.

शंभर पौंडाला गेलेला पहिला खेळाडू म्हणून विली ग्रोव्ह्जचं नाव सांगतात. 1893 साली वेस्ट ब्रॉमकडून ॲस्टन व्हिलाकडं. दोन्ही मैदानांमधलं अंतर काही मैलांचं. माणूस चालत गेला असता. एडिंबराजवळच्या लीथचा हा पोरगा, आधी हिबर्नियन आणि सेल्टिककडून पुढं खेळलेला, इंग्लंडात हाफ म्हणून मधल्या फळीत आला. व्हिलानं लगेच 1893-94 ची लीग जिंकली. म्हणजे मधल्या फळीतला तरुण खेळाडू, मोठ्या रकमेची बदली आणि बदलीनंतरचं यश ही आजची गोष्ट तेव्हाच एकदा पुरी घडून गेली होती. फरक शेवटात आहे. ग्रोव्ह्ज 1908 साली गेला, चाळिशी गाठण्याआधी. त्याच्या शंभरातला एक पेनी त्याला मिळायचा नियमच नव्हता.

पुढचे आकडे भराभर वाढत गेले. फेब्रुवारी 1905 मध्ये संडरलंडनं आल्फ कॉमनला मिडल्सब्रोला 1,000 पौंडाला दिलं आणि वर्तमानपत्रांत बोंब उठली की माणसं अशी विकायची असतात का. त्याच सुमारास पगाराला मात्र झाकण होतं. 1901 पासून आठवड्याला जास्तीत जास्त 4 पौंड, आणि हे झाकण साठ वर्षं टिकलं; 1961 च्या सुरुवातीला निघालं तेव्हा मर्यादा होती 20 पौंड. ती निघताच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला 100 पौंड मिळायला लागले. कागदाची गाठ सुटायला अजून दोन वर्षं गेली. जॉर्ज ईस्टहॅमला न्यूकॅसल सोडायचं होतं, क्लब सोडेना. तो सरळ दक्षिणेत गेला आणि ओळखीच्या माणसाकडं बुचाची म्हणजे कॉर्कची विक्री करत बसला, खेळणं बंद. इंग्लंडच्या संघात घेण्याच्या लायकीचा माणूस कॉर्क विकतोय! शेवटी 1960 मध्ये आर्सेनलनं 47,500 पौंड मोजले, पण त्यानं खटला सोडला नाही. 1963 ला न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवायची ही पद्धत म्हणजे त्याच्या धंद्यावर गैरवाजवी निर्बंध आहे. करार संपल्यावर एक पैसा न देता जायची मुभा मात्र 1995 च्या बोसमन निकालानं आली. तोवर ग्रोव्ह्जला जाऊन 87 वर्षं झाली होती.

आता आमच्या क्लबाकडं येतो, कारण दहा लाख पौंडाची रेघ आमच्याच दारातून ओलांडली गेली. ट्रेव्हर फ्रान्सिस. 1970 साली सोळा वर्षं 139 दिवसांचा असताना ब्लूजकडून उतरला आणि त्याच सीझनला बोल्टनविरुद्ध एकट्यानं चार गोल केले. आमच्या सेंट अँड्र्यूज मैदानावर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा म्हातारा आजही त्याचं नाव निघालं की आवाज खाली आणतो, देवळात आल्यासारखा. फेब्रुवारी 1979 मध्ये ब्रायन क्लफनं त्याला नॉटिंगहॅम फॉरेस्टला नेलं. पत्रकार परिषदेला क्लफ आला तो स्क्वॉशची रॅकेट हातात घेऊन. पोराच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून आपण एक पौंड कमी म्हणजे 9,99,999 दिले, असं तो सांगायचा. कर आणि इतर आकार धरून रक्कम साडेअकरा लाखांच्या आसपास गेली होती.

खरी गंमत पुढं आहे. युरोपीय नियमाप्रमाणं उशिरा नोंदणी झालेल्या खेळाडूला आधीच्या फेऱ्या खेळता येत नव्हत्या. पुन्हा कागदच आडवा आला. त्यामुळं फ्रान्सिसचा युरोपियन कपचा पहिलाच सामना म्हणजे थेट अंतिम सामना, 30 मे 1979, म्युनिक, समोर स्वीडनचा माल्मो. पहिला हाफ संपता संपता डावीकडून जॉन रॉबर्टसनचा क्रॉस आला, लांबच्या खांबाकडं धावत येऊन फ्रान्सिसनं डोकं लावलं. 1-0, सामना तिथंच संपला. फॉरेस्टचे पैसे वसूल झाले. इकडं ब्लूज त्याच सीझनला पहिल्या डिव्हिजनमधून खाली गेले होते.

फ्रान्सिसचा तो सोळा वर्षं 139 दिवसांचा विक्रम 49 वर्षं टिकला. 6 ऑगस्ट 2019 ला पोर्ट्समथमध्ये लीग कपच्या सामन्यात बेलिंगहॅम उतरला, वय सोळा वर्षं 38 दिवस. जवळच्याच स्टॉरब्रिजचा पोरगा, वडील पोलिसांत सार्जंट आणि खालच्या लीगांमध्ये शेकड्यानं गोल मारलेले. आठ वर्षांखालच्या गटापासून आमच्याच अकादमीत. प्रशिक्षक माइक डॉड्सनं त्याला पटवलं होतं की तू एकाच जागेचा नाहीस : 4 नंबरचा बचाव, 8 नंबरची धावपळ आणि 10 नंबरची कलाकारी तुला तिन्ही जमतील. तिन्हींची बेरीज 22, म्हणून तो नंबर.

31 ऑगस्टला स्टोकविरुद्ध मी टिल्टन रोडच्या बाजूला होतो. माँटेरो जखमी झाला म्हणून या पोराला पहिल्या हाफमध्येच आत घातलं. पायावर चेंडू येण्याआधी तो दोन्ही खांद्यांवरून मागं बघून घ्यायचा. ही सवय पस्तिशीच्या खेळाडूंनाही नसते. आमच्याकडं चांगल्या हाफला ‘मागं डोळं हायत’ म्हणतात ते याच कारणानं. सामना 1-1 वर असताना त्यानं बॉक्सच्या कडेवरून फटका मारला, बचावपटूला लागून चेंडूची दिशा बदलली आणि आत. देखणा गोल नव्हता. पण क्लबकडून गोल करणारा सर्वांत लहान खेळाडू म्हणून नाव लागलं, आणि शेजारचा म्हातारा उठून उभा राहिला, जो पेनल्टीलाही उठत नाही.

वर्षभरात मँचेस्टर युनायटेडनं त्याला आपलं सराव मैदान दाखवलं, ॲलेक्स फर्ग्युसनना भेटवलं. पोरानं जर्मनीतलं डॉर्टमुंड निवडलं. जेडन सँचोसारख्या इंग्लिश पोराला त्यांनी तिथं नेऊन खरोखर खेळवलं होतं, बाकावर सुकवलं नव्हतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली मोठी घटना ही आहे. अडीच कोटी पौंडाची रक्कम तिच्यापुढं दुय्यम. ग्रोव्ह्जला कुठं जायचं हे दोन क्लब ठरवायचे, ईस्टहॅमला त्यासाठी कॉर्क विकावा लागला, आणि सतरा वर्षांचं पोरगं घरच्यांबरोबर बसून जगातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एकाला नको म्हणतं. कागद त्याच्याकडं आला होता. इंग्लंडात सतराव्या वर्षाआधी व्यावसायिक करारच करता येत नाही, त्यामुळं क्लबच्या हातात ओढून धरायला फारसं काही नव्हतंही. शिवाय वेळ अशी साधली की दार बंद होता होता तो बाहेर पडला. सोळा ते अठराच्या खेळाडूला देशाबाहेर जायची सवलत युरोपीय संघापुरती आहे. डिसेंबर 2020 ला ब्रेक्झिटची मुदत संपली आणि ब्रिटिश पोरांसाठी ती गेली.

आमच्यावर त्या आधीच्या वर्षी हिशेब बिघडल्यामुळं नऊ गुणांची कपात झाली होती. बदलीच्या पैशांची क्लबाला किती गरज होती हे सांगायला नको. त्याचा शेवटचा सामना डर्बीविरुद्ध, कोविडमुळं रिकाम्या स्टेडियमात. 3-1 हरलो, वाचलो, आणि आम्हाला त्याला हात हलवून निरोपही देता आला नाही. मी तो सामना जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बघितला.

डॉर्टमुंडकडून पहिल्याच सामन्यात, ड्यूसबुर्गविरुद्ध जर्मन कपमध्ये, त्यानं गोल केला. तिथंही तेव्हा क्लबचा सर्वांत लहान. नोव्हेंबर 2020 ला इंग्लंडकडून पदार्पण. 2022 च्या विश्वचषकात इराणविरुद्ध डोक्यानं पहिला गोल त्याचाच. 2023 ला रेआल माद्रिदनं 10 कोटी 30 लाख युरो मोजले आणि एकेकाळी झिदाननं घातलेला 5 नंबर त्याला दिला. पहिल्या सीझनला लीगमध्ये 19 गोल, तेही मधल्या फळीतून. एवढे गोल करायला लावून त्याच्यातला हाफ थोडा झिजवला असं मला वाटतं, पण माद्रिदला माझा सल्ला नकोय. जून 2024 ला वेम्ब्लीवर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला तेव्हा समोर डॉर्टमुंडच होतं. माद्रिद 2-0. दुसऱ्या गोलचा पास याचा.

फाउंड्रीत जर्सीवरून आता कुणी विचारत नाही. दुसराच हिशेब निघतो. 2001 पासून फिफाचा नियम आहे : देशाबाहेरच्या बदलीत रकमेचे पाच टक्के, बारा ते तेवीस या वयात ज्यांनी खेळाडू घडवला त्या क्लबांत वाटायचे. माद्रिदच्या पैशांतला वाटा त्यामुळं सेंट अँड्र्यूजवरही आला. ज्यूडचा धाकटा भाऊ जोब, तोही मधल्या फळीतला, तोही आमच्याच अकादमीचा. तो 2023 ला संडरलंडला गेला, आणि 2025 ला संडरलंडनं त्याला डॉर्टमुंडला दिलं, तीन कोटी युरोंच्या वर. आल्फ कॉमनला हजार पौंडाला विकणारं संडरलंड तेच. याही बदलीत पाच टक्क्यांतला वाटा आमचा आहेच. एक व्हिलावाला परवा म्हणाला, तुमच्या क्लबानं बेलिंगहॅमच्या आईवडिलांना तिसरं पोर व्हावं म्हणून नवस बोलायला पाहिजे होता. त्याला मी चहा पाजला नाही.