व्यवहार-प्रणालींचे कालसमन्वयन
बँका, दलाली संस्था व रोखेबाजार यांच्या संगणकीय व्यवहार-प्रणालींतील घड्याळे समन्वित जागतिक वेळेशी (यूटीसी) नियामकाने ठरविलेल्या मर्यादेत जुळती ठेवण्याची व्यवस्था. यूरोपीय संघात २०१४ च्या ‘मिफिड-२’ निर्देशाच्या कलम ५० ने ती बंधनकारक झाली. अंमल ३ जानेवारी २०१८ पासून.

अतिजलद अल्गोरिदमी व्यवहारांत (पहा : अल्गोरिदमी व्यापार) यूटीसीपासूनची तफावत १०० मायक्रोसेकंदांपेक्षा अधिक नसावी व नोंद १ मायक्रोसेकंदापर्यंत सूक्ष्म असावी लागते. तोंडी ठरणाऱ्या व्यवहारांना १ सेकंद, तर बहुतेक इतरांना १ मिलिसेकंद पुरतो. पहिल्या मर्यादेसाठी संगणकजाळ्यावरून वेळ जुळविण्याचा नेहमीचा ‘एनटीपी’ संकेत सामान्यतः अपुरा पडतो. त्यामुळे छतावरील उपग्रह-संकेतग्राहक, मुख्य घड्याळ, त्याहून अचूक ‘पीटीपी’ संकेत पाळणारे नेटवर्क स्विच आणि यंत्रस्तरावरच वेळ नोंदविणारी नेटवर्क कार्डे बसवावी लागली. सर्व्हरची आज्ञावलीही त्यानुसार बदलावी लागली, कारण वेळेचा शिक्का प्रणालीत नेमका कोठे पडतो हे संस्थेने दाखवून द्यावे लागते.

अनेक बाजारांत विखुरलेल्या मागण्यांचा क्रम पुन्हा जुळविणे व फसव्या मागण्या हुडकणे (पहा : बाजार-गैरव्यवहार) यांचा आधार हाच शिक्का होय. घड्याळांच्या वेळेचा यूटीसीपर्यंतचा माग वर्षातून किमान एकदा तपासणे संस्थांना बंधनकारक आहे.