पनवेलचे खारे भात: विविधतेचा इतिहास 🌾

१/ भरतीचे पाणी शेतात शिरले की भात करपतो. तरीही पनवेल, पेण, अलिबागच्या खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या भात पिकत आला. तो ज्या बियाण्याच्या बळावर टिकला, त्याचा हा इतिहास.

२/ खाडीच्या बाजूने मातीचा बांध घालायचा आणि ओहोटीला आतले पाणी सोडण्यासाठी उघाडी ठेवायची. अशी राखलेली जमीन म्हणजे खारजमीन. बांधाला खांड पडली की हंगाम बुडतो. प्रश्न इतका गंभीर होता की मुंबई प्रांताने १९४८ मध्ये खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला.

३/ बांध शाबूत असला तरी धोका टळत नाही. पाऊस मीठ धुऊन नेतो. पावसाने ओढ दिली की ते पुन्हा वर चढते. रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात भात सर्वांत नाजूक असतो. फुलोऱ्यात मीठ वाढले, तर लोंब्या पोचट राहतात.

४/ शेतकऱ्यांनी यावर जपलेले उत्तर म्हणजे काळा रत्ता आणि भुरा रत्ता, हे तांबड्या तांदळाचे खारे वाण. एकाच नावाच्या बियाण्यातही काही रोपे उंच, काही उशिरा पिकणारी, काही अधिक चिवट असत. हीच जनुकीय विविधता.

५/ संशोधकांनी त्यातून सरस रोपे निवडली, प्रत्येकाचे बी वेगळ्या ओळीत पेरले आणि ओळींची तुलना केली. काळा रत्ता १-२४ व भुरा रत्ता ४-१० हे निवडक वाण असेच पुढे आले.

६/ पण निवडीला मर्यादा असते. डेन्मार्कच्या योहानसेन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावर दाखवून दिले की शुद्ध वंशात पुन्हा निवड केल्याने काहीच साधत नाही. तेथे उरलेला फरक माती-पाण्याचा असतो, रक्ताचा नव्हे.

७/ मग नवी विविधता आणायची कोठून? १९६६ मध्ये फिलिपिन्समधून ‘आयआर-८’ हा ठेंगणा, भरघोस वाण आला. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात त्याचा भुरा रत्ता ४-१० शी संकर झाला. त्यातून १९८० च्या दशकात पनवेल-१ आणि पनवेल-२ मिळाले.

८/ संकराच्या दुसऱ्या पिढीत नाना तऱ्हांची रोपे उगवतात. खरी कसोटी पुढे असते. खाऱ्या शेतात चार पावलांवर मिठाचे प्रमाण बदलते. एखादी ओळ केवळ गोड जागेमुळेही सरस दिसू शकते. म्हणून प्रत्येक ओळ अनेक वाफ्यांत पेरतात. वाफ्या-वाफ्यांतील फरकापेक्षा ओळी-ओळींतील फरक मोठा ठरला, तरच तो गुण वंशाचा मानला जातो.

९/ पुढे पनवेल-३ साठी बंगालच्या खाऱ्या प्रदेशातील ‘दामोदर’ उपयोगी पडला. एका खाडीचे बियाणे दुसऱ्या खाडीच्या कामी आले.

१०/ १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पनवेलच्या परिसरात भाताच्या जागी शहर उभे राहू लागले. शेत गेले की तेथील बियाणेही जाते. संकर जुन्या गुणांची नवी जुळणी करतो. पण ज्या वाणाचा शेवटचा दाणाही नष्ट झाला, त्याचा गुण कोणत्याही संकराला परत आणता येत नाही. म्हणून जुन्या बियाण्याचे जतन हे उद्याच्या पिकाचे भांडवल ठरते.