लॉरियमची चांदी

अथेन्स नगराच्या आग्नेयेस, अ‍ॅटिका प्रांताच्या अगदी टोकाशी, लॉरियमच्या उघड्याबोडक्या टेकड्या समुद्राच्या काठाने पसरल्या आहेत. या टेकड्यांच्या पोटात शिशाच्या खनिजाबरोबर चांदी सापडे. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास तेथील मारोनिया नावाच्या जागी चांदीचा मोठा साठा हाती लागला आणि अथेन्सच्या खजिन्यात एकाएकी शंभर टॅलंटांची भर पडली. एक टॅलंट म्हणजे सहा हजार ड्राख्मा. आजच्या मापाने सुमारे २६ किलो चांदी. राजसत्ता असती तर या धनाचे काय करायचे हे राजवाड्यात ठरले असते. अथेन्समध्ये तो प्रश्न नागरिकांच्या सभेपुढे आला.

सभेपुढे पहिली सूचना आली ती वाटणीची. प्रत्येक नागरिकाला दहा ड्राख्मा द्याव्यात, असे घाटत होते, असे हेरोडोटस सांगतो. या सूचनेला केवळ लोभ म्हणून हिणवणे न्यायाचे होणार नाही. खाणी नगराच्या मालकीच्या, नगर म्हणजे नागरिक, तेव्हा उत्पन्नात प्रत्येकाचा वाटा, असा तो सरळ हिशेब होता. सिफनॉस बेटावरचे लोक तेच करीत. त्यांच्या बेटावर सोन्याचांदीच्या खाणी होत्या आणि दरसालचे उत्पन्न ते आपसांत वाटून घेत. डेल्फाय येथे त्यांनी देखणे कोशागारही बांधले. पण इ. स. पू. ५२५ च्या सुमारास सॅमॉसच्या निर्वासितांची जहाजे त्यांच्या किनाऱ्याला लागली, दहा टॅलंट कर्ज मागू लागली, आणि नकार मिळताच त्यांनी बेट लुटून शंभर टॅलंट वसूल केले. इतकी वर्षे धन वाटले गेले. त्याचे रक्षण करायचे मात्र राहून गेले होते.

अथेन्सच्या सभेत थेमिस्टोक्लीज उभा राहिला आणि त्याने वाटणीला विरोध केला. चांदीतून युद्धनौका बांधाव्यात, असे त्याचे म्हणणे होते. गंमत अशी की, त्याने इराणचे नाव फारसे घेतलेच नाही. इराण दूर होता. समोर दिसत होते ते एजिना बेट, ज्याच्याशी अथेन्सचे जुने वैर होते. लोकांना दिसणाऱ्या शत्रूचे नाव सांगून त्याने न दिसणाऱ्या शत्रूची तयारी करविली. सभेने हातात येऊ घातलेले दहा ड्राख्मा सोडून दिले. त्याच सुमारास, इ. स. पू. ४८२ मध्ये, त्याचा प्रतिस्पर्धी अ‍ॅरिस्टायडीज लोकमताने हद्दपार झाला. दोनच वर्षांनी, ४८० मध्ये, सॅलमिसच्या सामुद्रधुनीत झर्क्सीझच्या आरमाराचा पराभव झाला, तेव्हा ग्रीकांकडची जवळजवळ निम्मी जहाजे अथेन्सची होती.

म्हणून चांदीने लोकशाही घडविली, असे म्हणावे काय? कालक्रम तसे म्हणू देत नाही. याच अथेन्सवर पूर्वी पिसिस्ट्रॅटस या हुकूमशहाने आपला अंमल पक्का केला होता तो भाडोत्री सैनिक आणि पैसा यांच्या बळावर. आणि तो पैसा काही अ‍ॅटिकातून, काही स्ट्रायमन नदीच्या परिसरातून येत असे. ज्याच्या हाती असा स्वतंत्र पैसा आहे, त्याला प्रजेची मनधरणी करण्याचे कारण उरत नाही. त्याचा मुलगा हिप्पियस इ. स. पू. ५१० मध्ये हाकलला गेला आणि पुढे दोन-तीन वर्षांत क्लाइस्थेनीजने नगराची नवी घडी बसविली. मारोनियाची चांदी वर आली ती त्यानंतर पंचवीस वर्षांनी. धन आले तेव्हा ते कोणी खर्चावे हे आधीच ठरलेले होते. हा क्रम उलटा असता, तर त्या चांदीला एखादा दुसरा पिसिस्ट्रॅटस सहज मिळाला असता.

नौकांनी मात्र पुढे लोकशाहीला बळ दिले. एका युद्धनौकेला १७० वल्हेकरी लागत. चिलखत विकत घेण्याची ऐपत नसलेला, शेतजमीन नसलेला गरीब नागरिक आता वल्ह्यावर बसून नगराचे रक्षण करू लागला. लोकशाहीचा द्वेष करणाऱ्या एका अनामिक ग्रीक लेखकानेही हे कबूल केले आहे की, जहाजे चालविणाऱ्यांना सत्तेत वाटा मिळणे रास्तच होय.

पण खाणीत उतरणाऱ्यांना कोणी विचारले नाही. तेथील अरुंद बोगद्यांत तेलाच्या दिव्याच्या उजेडात रांगत खनिज फोडणारे बहुतेक गुलाम होते. सेनापती निसियस याने आपले एक हजार गुलाम सोसियस नावाच्या थ्रेसवासी ठेकेदाराला दर माणशी दररोज एक ओबोल या दराने भाड्याने दिले होते. सहा ओबोल म्हणजे एक ड्राख्मा. वर्षाला सुमारे दहा टॅलंट झाले. करारात एक अट होती: गुलामांची संख्या ठेकेदाराने नेहमी कायम राखावी. मेलेल्यांची भरपाई होती ती अशी, मालकाला.

इ. स. पू. ४१३ मध्ये स्पार्टाने अ‍ॅटिकात डेसिलिया येथे तळ ठोकला. लॉरियमचे उत्पन्न बुडेल, हे स्पार्टाला पटवून देणारा अल्सिबायडीज हा अथेन्सचाच पुत्र. त्यानंतर वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेले, असे थ्युसिडिडीज नोंदवितो. ४११ मध्ये चारशे धनिकांनी नगरात सत्ता बळकावली. तेव्हा सॅमॉसच्या तळावरील वल्हेकऱ्यांनी तिला मानण्याचे नाकारले आणि लोकशाही आपल्याजवळ आहे, असे जाहीर केले. पुढे देवळातील विजयदेवतेच्या सुवर्णमूर्ती वितळवून नाणी पाडण्याची आणि तांब्यावर चांदीचा मुलामा देण्याची वेळ अथेन्सवर आली.

खाणी हळूहळू पुन्हा सुरू झाल्या. इ. स. पू. ३५५ च्या सुमारास, वृद्ध झेनोफनने नगराच्या उत्पन्नावर एक पुस्तिका लिहिली. नगराने दर नागरिकामागे तीन या प्रमाणात गुलाम विकत घ्यावेत, ते खाणींना भाड्याने द्यावेत आणि त्या भाड्यावर सर्व नागरिकांचा निर्वाह चालवावा, अशी त्याची योजना होती. थेमिस्टोक्लीजने सोडायला लावलेले ते दहा ड्राख्मा सव्वाशे वर्षांनी अशा रीतीने पुन्हा मागितले जात होते.