इ.स. १७५१ मधील चांदा

इ.स. १७५१ हे चांद्याच्या गोंड राज्याचे अखेरचे वर्ष होय. या वर्षी नागपूरचे रघूजी भोसले (पहिले) यांनी चांदा ताब्यात घेतला आणि आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या परिसरावर काही शतके चाललेली गोंड राजघराण्याची सत्ता संपुष्टात आली.

सत्ताधीश
• चांद्याचे राजे : नीळकंठशाह (सत्ता याच वर्षी समाप्त)
• नागपूरकर भोसले, सेनासाहेबसुभा : रघूजी भोसले (पहिले)
• मराठा साम्राज्याचे पेशवे : बाळाजी बाजीराव (नानासाहेब)

पार्श्वभूमी
रामशाह यांच्यानंतर नीळकंठशाह गादीवर आले. देवगडच्या गोंड राज्यातील वारसाकलहाचा लाभ घेऊन रघूजींनी नागपुरात आपले बस्तान बसवले होते. तेथील राजा बुऱ्हाणशाह यांच्याकडे केवळ नाममात्र राजपद उरले होते. १७४९ मधील तहानुसार चांद्याच्या महसुलाचा दोन-तृतीयांश हिस्सा भोसल्यांकडे गेला.

घडामोडी
• उरलेला महसूलही भोसल्यांकडे जाऊन चांद्याचे राज्य नागपूरच्या राज्यात विलीन झाले.
• नीळकंठशाह यांना वर्धा नदीकाठच्या बल्लारपूर किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. त्यांचा मृत्यू कैदेतच झाला.
• याच वर्षी बंगालचे नवाब अलीवर्दी खान यांनी रघूजींशी तह केला. त्यानुसार कटकचा प्रदेश आणि चौथाईपोटी वार्षिक १२ लाख रुपये भोसल्यांना मिळाले. त्यामुळे नागपूरच्या सत्तेचा विस्तार एकाच वर्षात दक्षिणेस व पूर्वेस झाला.

समाज व संस्कृती
चांदा हे इरई व झरपट या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले तटबंदीचे शहर होते. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे असून हत्तीवर आरूढ सिंह हे राजचिन्ह त्यांवर कोरलेले आहे. अंचलेश्वर मंदिराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. महाकाली मंदिराची उभारणी राणी हिराई यांनी केली. चैत्रात तेथे भरणारी यात्रा आजही सुरू आहे. राज्यात गोंडी, मराठी व तेलुगू या भाषा बोलल्या जात. जंगल तोडून गाव वसवणाऱ्यास किंवा तलाव बांधणाऱ्यास जमिनीचे हक्क देण्याची गोंड राजांची पद्धत होती. भातशेतीसाठी बांधलेले तलाव हा या राजवटीचा चिरस्थायी वारसा ठरला.

परिणाम
१७५५ मध्ये रघूजींच्या निधनानंतर चांदा त्यांचे पुत्र मुधोजी यांच्या वाट्यास आला. राजघराणे पदच्युत झाले, तरी पूर्वेकडील वनप्रदेशात गोंड जमीनदारांचा प्रभाव टिकून राहिला. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्धच्या उठावाचे नेतृत्व करणारे बाबूराव शेडमाके हे अशाच जमीनदार घराण्यातील होते. पुढे चांदा जिल्ह्याचे नाव चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला.