तळणीचा छोटा कॅमेरा

राजूर, वणी, पांढरकवडा या भागातून टिपेश्वरच्या अभयारण्यात जाणाऱ्या हौशी मंडळींच्या हातांत हल्ली आरसा नसलेले छोटे कॅमेरे दिसतात. त्यांवर कॅमेऱ्याहून मोठी टेलिफोटो भिंगे बसवलेली असतात. भिंग जितके लांब तितके चित्र चांगले, असा सर्वसाधारण समज आहे. या समजाची कसोटी लागावी अशी एक घटना सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घडली.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून सोलापूर जिल्ह्यातील जेऊर आणि पुढे वऱ्हाडातून गेला. जेऊरला अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा घेऊन आले होते. पुलगावजवळच्या तळणी या रेल्वे स्थानकाच्या गावी ब्रिटिश खगोल संघटनेची तुकडी उतरली. तीत अ‍ॅनी मौंडर होत्या. ग्रिनिच वेधशाळेत त्या गणनाचे काम करीत. १८९५ साली लग्नानंतर त्यांना ती नोकरी सोडावी लागली होती. त्यांच्या कॅमेऱ्याचे भिंग दीड इंच व्यासाचे, नाभीय अंतर अवघे नऊ इंच!

आता थोडे गणित करू. सूर्यापासून आपले अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट आहे. म्हणून नाभीय अंतराला १०८ ने भागले की प्रतिमेचा व्यास मिळतो. जेऊरला तो सुमारे ११ सेंटिमीटर येतो, तळणीला केवळ २ मिलिमीटर. पण प्रतिमेची तेजस्विता नाभीय अंतर आणि भिंगाचा व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरते. जेऊरचे भिंग पाच इंचांचे होते, म्हणजे गुणोत्तर ९६; तळणीचे ६. हा फरक १६ पट, म्हणून तेजस्वितेतला फरक १६ चा वर्ग, म्हणजे २५६ पट. सारखीच काच वापरली, तर तळणीला एका सेकंदात उमटणारा अंधुक प्रकाश जेऊरला उमटायला चार मिनिटांहून अधिक काळ लागला असता. खग्रास स्थिती तर होती दोनच मिनिटांची!

सूर्याच्या कडेलगतचा प्रभामंडल तेजस्वी असतो. त्यातील बारकावे लांब कॅमेऱ्याने उत्तम टिपले. बाहेरचा प्रभामंडल मात्र फिकट आणि दूरवर पसरलेला. तेथे अ‍ॅनी मौंडर यांच्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या व्यासाच्या कित्येक पट लांब गेलेला किरण पकडला. तोपर्यंत छायाचित्रात आलेल्या अशा किरणांत तो सर्वांत लांब होता.

त्याआधी, १८९१ च्या सुमारास, डालमायर, मीथे आणि श्टाइनहाइल यांनी स्वतंत्रपणे टेलिफोटो भिंग तयार केले होते. पुढे बहिर्गोल व मागे अंतर्गोल भिंग ठेवल्याने नळी नाभीय अंतरापेक्षा आखूड होते. परंतु नळी आखूड झाली तरी गुणोत्तराचा नियम सुटत नाही. आजच्या छोट्या कॅमेऱ्यातही ३०० मिलिमीटरचे भिंग सूर्याची प्रतिमा पावणेतीन मिलिमीटरचीच देते. संवेदक लहान असल्याने चित्राची कड कापली जाते आणि वस्तू मोठी भासते, इतकेच.

हे वर्गात पडताळण्यास कॅमेराही नको. पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून उन्हात धरा आणि प्रतिमा सावलीतल्या कागदावर घ्या. भोकातून सूर्याकडे मात्र कोणीही पाहू नये. कागद एक मीटरवर असताना प्रतिमा सुमारे ९ मिलिमीटरची मिळेल, दोन मीटरवर तिच्या दुप्पट. ती मोठी होताना फिकट का होते, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.